दारू पिणाऱ्या पेशंटचा धर्म विचारावा का?

व्यसनमुक्ती वॉर्डात किंवा मानसोपचार विभागात पेशंट दाखल झाला की समाजसेवा अधीक्षक किंवा समुपदेशक त्याची सविस्तर माहिती घेतात. नाव, वय, शिक्षण, काम, उत्पन्न, घरात कोण कोण, धर्म, जात. मग दारू कधी सुरू झाली, रोज किती लागते, शेवटची कधी घेतली. सामाजिक कार्यकर्ते म्हणून आम्ही अशी माहिती वर्षानुवर्षे घेत आलो आहोत. विहारांत आणि वस्त्यांत या विषयावर बोलायला गेलो की आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "आपल्या लोकांत दारू जास्त आहे का?" आणि दुसरा, "धम्म घेऊन इतकी वर्षे झाली, तरी लोक पितात कसे?"

प्रश्न तळमळीने विचारलेले असतात यात शंका नाही. पण दोन्हींत एक गृहीतक दडलेले आहे, की माणूस किती पितो हे त्याच्या धर्मावरून किंवा जातीवरून ठरते. उपलब्ध पाहण्या आणि वॉर्डातला अनुभव वेगळे सांगतात. माणूस पहिला घोट घेईल की नाही, यावर धर्माचा बराच प्रभाव असतो. एकदा पिऊ लागल्यावर तो काय पिईल, किती पिईल आणि त्यापायी त्याचे काय होईल, हे बहुतांशी त्याचे काम, मजुरी, घर, गल्लीतला गुत्ता आणि दवाखान्याचे अंतर यांवर ठरते. धर्म पुन्हा पुढे येतो तो नंतर: पेशंट खरे सांगतो की लपवतो, आणि सोडताना त्याच्या बाजूला कोण उभे राहते, या दोन गोष्टींत. हे तीन टप्पे वेगळे केले नाहीत तर समाजाविषयीची चर्चा एक तर बदनामीकडे जाते, नाहीतर फुशारकीकडे.

आकडे वाचताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के दारू पितात, स्त्रियांत हे प्रमाण एक टक्क्याच्या किंचित वर आहे. महाराष्ट्रात पुरुषांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास आहे. गोव्यात ते ३७ टक्क्यांच्या घरात, तेलंगणात ४३ आणि अरुणाचल प्रदेशात निम्म्याहून अधिक आहे. मुस्लिम पुरुषांत प्रमाण बरेच कमी, आदिवासी पुरुषांत सर्वाधिक, आणि शिक्षण कमी असलेल्यांत जास्त, असे चित्र याआधीच्या फेऱ्यांतही दिसले होते. म्हणजे धर्माचा संबंध नाही असे म्हणता येत नाही. पण राज्याराज्यांतला फरक पाहा. माणूस कुठे राहतो याचा परिणाम त्याच्या धर्माच्या परिणामापेक्षा लहान नाही.

या पाहणीच्या तक्त्यांत 'बौद्ध/नवबौद्ध' असा वेगळा गट असतो. तो एकच आकडा उचलून 'आपल्या समाजाची स्थिती' म्हणून फिरवण्याची पद्धत अलीकडे पडली आहे. ते करण्याआधी थोडे थांबावे. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. उरलेल्यांत लडाख, सिक्कीम, अरुणाचल, दार्जिलिंगच्या डोंगरातले परंपरागत बौद्ध मोठ्या संख्येने आहेत. तिथे सातूची किंवा कोदोची घरी आंबवलेली छांग लग्नात, पाहुणचारात, काही विधींतही चालते. नागपूर-औरंगाबादच्या बौद्धाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत आणि सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. सिक्कीमच्या बौद्धाच्या घरी तशी प्रतिज्ञा कोणी घेतलेली नाही. दोघेही एकाच रकान्यात बसतात. 'बौद्ध' हा शब्द सारखा असला तरी दारूकडे पाहण्याचा वारसा सारखा नाही.

दुसरी अडचण आपल्या घरातलीच आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळण्यासाठी १९९० ची घटनादुरुस्ती नव्हे, तर अनुसूचित जाती आदेशातील दुरुस्ती व्हावी लागली. त्याआधीच्या आणि कित्येकांच्या त्यानंतरच्याही शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू-महार' अशीच नोंद आहे. रुग्णालयात माहिती लिहिणारा कर्मचारी कधी दाखला पाहून लिहितो, कधी आडनावावरून ठरवतो, कधी विचारतच नाही. त्यामुळे केसपेपरांवरून 'अमुक धर्माचे इतके पेशंट' असे गणित मांडणाऱ्या लेखांवर आमचा फारसा विश्वास नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू घेतात असे आढळले. त्या पाहणीतला आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र वेगळा आहे. दारूवर अवलंबून झालेल्या दर ३८ जणांमागे फक्त एकाला कुठलेतरी उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांमागे एक. म्हणजे आपण ज्यांना वॉर्डात पाहतो ते पिणाऱ्यांचे प्रतिनिधी नसतात, पोहोचू शकलेल्यांचे प्रतिनिधी असतात. एखाद्या सरकारी वॉर्डात गरीब वस्त्यांतले पेशंट जास्त दिसले तर त्याचा अर्थ त्या वस्त्या जास्त पितात असा होत नाही. सुखवस्तू घरातला माणूस खाजगी रुग्णालयात 'लिव्हरचा त्रास' म्हणून दाखल होतो. वस्तीतल्या माणसाच्या कपाळावर 'दारुडा' लिहिले जाते. रोग एकच असतो, लिव्हर सिरॉसिस.

धर्म नेमके काय करतो

प्रत्येक परंपरेने दारूला वेगळी जागा दिली आहे, आणि ती जागा पेशंटच्या बोलण्यात उमटते.

मुस्लिम पेशंटच्या घरात दारू निषिद्ध असल्याने न पिणाऱ्यांची संख्या मोठी असते. पण जो पितो तो घराबाहेर, एकट्याने, पटकन पितो, आणि उपचाराला बहुधा उशिरा येतो. सोबत आलेला भाऊ डॉक्टरांना हळूच सांगतो की अम्मीला कळू देऊ नका, कावीळ झाली आहे एवढेच सांगा. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात लग्न-नाताळाला घरची वाइन असते. तिथे पिणे हे पाप नसते, पिऊन तोल सोडणे हे पाप असते. त्यामुळे असा पेशंट 'मी घेतो' हे सहज सांगतो, पण 'माझे प्रमाणाबाहेर गेले आहे' हे मान्य करायला वेळ घेतो. वारकरी घरात 'माळ घातली' या दोन शब्दांत दारू-मांस सुटल्याची घोषणा असते, आणि सगळे गाव तिचे साक्षीदार असते. ग्रामीण महाराष्ट्रात माळ हे व्यसन सोडण्याचे एक जुने, फुकट आणि बऱ्याचदा चालणारे साधन आहे, हे बौद्ध कार्यकर्त्यांनीही मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही. माळ तुटली की मात्र तोच साक्षीदार गाव हसायला लागतो. त्याच हिंदू समाजात काळभैरवासारख्या देवतांना दारूचा नैवेद्यही असतो, श्रावणात बंदी असते आणि श्रावणाच्या तोंडावर गटारी असते. आदिवासी समाजात मोहाची दारू जन्म, लग्न आणि मयताच्या विधींचा भाग आहे, आणि स्त्रियाही ती घेतात. तिथे 'पिता का' हा प्रश्नच निरर्थक ठरतो. कधी, कशासाठी आणि विकतची की घरची, हे विचारावे लागते.

आपल्या घरांत काय होते? महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबात दारू सोडणे हे निव्वळ आरोग्याचे काम कधीच नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले त्याआधीच गावकीची कामे, मेलेले ढोर ओढणे, मृतमांस आणि दारू सोडण्याची हाक समाजात पोहोचली होती. दारू सोडणे म्हणजे महारकी सोडणे, माणूस म्हणून उभे राहणे. आजीच्या पिढीने यासाठी घरातल्या पुरुषांशी भांडणे केली. त्या भांडणांचे फळ आज शिक्षणात आणि नोकऱ्यांत दिसते. पण या अभिमानाला दुसरी बाजूही आहे. दारू सोडणे ही जर मुक्तीची खूण असेल, तर पिणारा मुलगा घराला नुसता आजारी वाटत नाही, तो चळवळीशी बेइमान झालेला वाटतो. मग नातेवाईक सांगतात, "आमच्यात कोणी पीत नाही," आणि त्याच वेळी आतल्या खाटेवरच्या पेशंटच्या हाताला कंप सुटलेला असतो.

कडक निषेध असलेल्या समाजांत आम्हाला हेच वारंवार दिसते. पिणारे कमी, पण पिणाऱ्यांचे पिणे लपून, जलद आणि जास्त. भारतात एकूणच न पिणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि तरीही नोंदल्या जाणाऱ्या दारूत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा व्हिस्की, रम, देशी अशा कडक दारूचा आहे. जेवणासोबत सावकाश घेण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुजली नाही. दुकानाबाहेर उभे राहून संपवायची आणि घरी जाऊन झोपायचे, अशीच बहुतेकांची रीत आहे.

काम, मजुरी आणि गुत्ता

गटार, मैला, कचरा, शवागार इथे काम करणाऱ्या पेशंटशी बोलताना एक वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की ते लिहून घेण्याचे आम्ही सोडले: "न पिता आत उतरताच येत नाही." वास सहन होत नाही, किळस दाबावी लागते, काम झाल्यावर अंगावरचा वास घेऊन घरी जायचे असते. या कामांवर कोणत्या जातींचे लोक आहेत हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. अशा माणसाच्या दारूचे कारण त्याच्या धर्माच्या रकान्यात शोधणारा अभ्यासक चुकीच्या जागी पाहतो आहे. कारण कामाच्या रकान्यात आहे, आणि ते काम त्याच्याकडे जातीने आले आहे. यंत्र, बूट, मास्क, आंघोळीची सोय आणि कायम नोकरी ही इथे व्यसनमुक्तीची साधने आहेत. नुसते समुपदेशन करून आम्ही त्याला पुन्हा त्याच मॅनहोलकडे पाठवतो.

नाक्यावरच्या बांधकाम मजुराचे, हमालाचे, ऊसतोड कामगाराचे तसेच आहे. दिवसभराच्या अंगदुखीवर दारू हे सर्वांत जवळचे औषध असते. दवाखाना पाच वाजता बंद होतो, गुत्ता रात्री उशिरापर्यंत उघडा. उधारी दवाखान्यात चालत नाही, गुत्त्यावर चालते.

आणि सारखीच दारू प्यायली तरी नुकसान सारखे होत नाही. स्कॉटलंडमध्ये पन्नास हजारांवर लोकांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पिण्याचे प्रमाण सारखे धरूनही गरीब थरातल्यांना दारूमुळे होणारे गंभीर आजार आणि मृत्यू जास्त होते. आपल्याकडे याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. उपाशीपोटी पिणे, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता, कोंदट खोलीतला क्षयरोग आणि त्यात क्षयाच्या गोळ्यांचा लिव्हरवर पडणारा भार. शिवाय स्वस्त दारूत काय मिसळले आहे याची खात्री नसते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. परमिट रूममध्ये बसणाऱ्याला हा धोका जवळपास नसतो.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण 'खालच्या जातींना दारूची सवयच असते' हे वाक्य शिकलेले लोकही सहज बोलतात. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावची घरगुती दारू आणि ताडी आपल्या ताब्यात घेतली, मक्तेदारांना दुकाने दिली आणि महसुलासाठी ती चालवली. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले साठवण्यावरही निर्बंध आले. ऋतूप्रमाणे आणि सणाला घेतली जाणारी घरची दारू गेली आणि रोज उधारीवर मिळणारी दुकानाची दारू आली. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये त्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून सुरू झालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरली आणि हजारो लोकांनी दारू सोडून मक्तेदारांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला. १९७२ च्या सुमारास शहाद्यात आदिवासी बायांनी गुत्त्यांवरचे दारूचे मडके फोडले. ज्यांना 'सवयच असते' म्हटले जाते त्यांनीच दारूविरुद्धची मोठी आंदोलने केली आहेत. सवय जातीत नव्हती, दुकान वस्तीत आणून ठेवले होते.

पेशंटशी बोलताना

मग धर्म विचारावा का? विचारावा, पण निदानासाठी नाही, आधार शोधण्यासाठी. आणि सर्वांत शेवटी विचारावा. आधी धर्म-जात विचारून लगेच 'दारू पिता का' विचारले की पेशंटला वाटते, दुसऱ्याचे उत्तर पहिल्यातच धरले आहे. मग तो एक तर खोटे सांगतो, नाहीतर गप्प बसतो. वॉर्डातल्या काही कर्मचाऱ्यांच्या तोंडी 'त्या वस्तीतले आहेत, असेच असतात' असे शेरे आम्ही ऐकलेले आहेत. असा शेरा पेशंटच्या कानावर गेला की तो पुढच्या तपासणीला येत नाही.

किती पितो हे विचारायचे तर मापात विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' नावाची प्रश्नावली आहे, गुण ० ते ४०. आठच्या वर धोक्याचे पिणे, वीसच्या वर गेले तर अवलंबित्वाची शक्यता मोठी आणि डॉक्टरांची गरज नक्की. तिच्यातले एक माप म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडे १८० मिलीलीटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम असते. "जास्त नाही, एक क्वार्टर घेतो फक्त" असे सांगणारा माणूस रोज सहा मापे घेत असतो. हे गणित त्याच्यासमोर मांडले की बहुतेकदा तोच दचकतो. कोणत्याही धर्माच्या पेशंटला ही भाषा समजते.

एक धोका कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावा. रोज भरपूर पिणारा माणूस एखाद्या पवित्र दिवसाचे निमित्त करून एकाएकी दारू बंद करतो. कोणी श्रावणात, कोणी रमजानच्या पहिल्या रोजाला, कोणी वर्षावासाच्या आरंभी आषाढ पौर्णिमेला, कोणी १४ एप्रिलला प्रतिज्ञा घेऊन. हेतू उत्तम असतो, पण शरीर दारूवर अवलंबून झालेले असेल तर काही तासांत हात कापणे, घाम, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, तापासारखी गंभीर अवस्था येऊ शकते आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही. घरचे म्हणतात, "बाहेरचे लागले." अशा पेशंटला विहारात नेऊन परित्राण ऐकवत बसू नये. आधी रुग्णालय. ज्याला पूर्वी अशी फिट आली आहे त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही सभेत प्रतिज्ञा घ्यायला लावू नये.

स्त्री पेशंटविषयी एवढेच सांगतो की तिच्यासाठी वरचे सगळे दुप्पट कठीण असते. तिला आणणारे कोणी नसते, आणि स्त्रियांसाठी खाटा असलेली केंद्रे फार कमी आहेत.

धम्माचा उपयोग कुठे होतो

पंचशीलातले पाचवे शील आपण सगळे म्हणतो. त्यातला महत्त्वाचा शब्द आहे प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. सुरा, मेरय आणि मद्य ही प्रमादाची ठिकाणे आहेत म्हणून त्यांपासून दूर राहायचे. आणि शेवटी आपण शिक्षापद स्वीकारतो असे म्हणतो. शिक्षापद म्हणजे शिकण्याचा नियम. आज्ञा मोडली म्हणून शिक्षा होते, पण शिकणारा चुकला तर पुन्हा प्रयत्न करतो. समुपदेशनात हा फरक फार कामाला येतो. तीन महिने सोडून पुन्हा प्यायलेला बौद्ध पेशंट आम्हाला सांगतो, "माझे शील गेले, आता काय उरले?" त्याला आम्ही विचारतो, पुढच्या पौर्णिमेला शील पुन्हा घेता येते की नाही? येते. मग गेले कुठे? वैद्यकीय भाषेतही व्यसन हा पुन्हा उलटणारा आजार मानला जातो, आणि उलटणे हा उपचाराचा शेवट समजला जात नाही.

विनयपिटकात भिक्खूंसाठी मद्यपानाचा नियम कसा आला ती सागत थेरांची कथा याच अंगाने वाचण्यासारखी आहे. नागाला वश करणारा, ऋद्धिमान भिक्खू. कोसंबीत उपासकांनी प्रेमाने घरोघरी मद्य दिले आणि तो नगरद्वारापाशी पडला. बुद्धांनी त्याला संघातून हाकलले नाही. त्याला विहारात आणले, आणि नियम केला. मद्य देणारे उपासकच होते, ही गोष्ट आपल्या मिरवणुकांत तरुणांना बाटल्या पुरवणाऱ्यांनी विचारात घ्यावी. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत: धनाचा नाश, भांडणे, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धी दुर्बळ होणे. आजच्या कुठल्याही प्रश्नावलीत याच गोष्टी विचारतात. त्यात नरकाची भीती नाही, संसाराचा हिशोब आहे. पेशंटच्या पत्नीसमोर हे सुत्त वाचले तर ती पहिल्या तीन मुद्द्यांवरच मान डोलावते. अंगुत्तर निकायात उपासकाने न करायच्या पाच व्यापारांत मद्याचा व्यापारही आहे, हे दारूच्या ठेकेदाराकडून जयंतीची वर्गणी घेणाऱ्या मंडळांना माहीत असायला हरकत नाही.

थायलंडमध्ये वर्षावासाचे तीन महिने दारू सोडण्याची देशव्यापी मोहीम २००३ पासून चालते. आपल्या विहारांतही वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्याला तीन महिन्यांची सामूहिक दारूबंदी जोडणे अवघड नाही, फक्त वर सांगितलेली वैद्यकीय काळजी घ्यावी लागेल.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना जाणाऱ्या बौद्ध पेशंटची एक खास अडचण असते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, सभेत प्रार्थना होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस तिथे अवघडतो, आणि काही कार्यकर्ते तर त्याला जाऊच नको म्हणतात. आमच्या मते हे चूक आहे. संघटनेच्या मूळ मांडणीतच 'ज्याला जसा समजेल तसा' अशी मोकळीक आहे. कित्येक बौद्ध सदस्य त्या जागी संघ किंवा धम्म धरतात आणि सभेला नियमित जातात. रात्री अकराला फोन उचलणारा माणूस तिथे मिळतो. तसा माणूस विहारात मिळत असेल तर उत्तमच, पण तो मिळेपर्यंत पेशंटला थांबवून ठेवण्यात काही अर्थ नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत सर्व धर्मांचे पेशंट एकत्र राहतात, ती वाटही खुली आहे.

विपश्यनेबद्दल विचारणा फार होते. अमेरिकेत सिएटलच्या तुरुंगातल्या विपश्यना शिबिरांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिबिर केलेल्यांचे सुटकेनंतरचे व्यसन इतरांपेक्षा कमी आढळले. पुढे त्याच अभ्यासकांच्या गटाने सजगतेवर आधारित उपचारपद्धती विकसित केली. तलफ येते, वाढते आणि ओसरते, तिच्याकडे पाहत राहता येते, हे शिकणे उपयोगी आहेच. पण ते दारू सुटून शरीर सावरल्यानंतर. कंप सुटलेल्या माणसाला दहा दिवस मौनात बसवणे धोक्याचे आहे.

तरुणांना करण्यासारखे काम

मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत म्हणून हात टेकायचे कारण नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये वैद्यकीय पदवी नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षित समुपदेशकांनी धोक्याचे पिणाऱ्या पुरुषांशी काही मोजक्या बैठका घेतल्या. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. फरक दहा टक्क्यांचा दिसतो, पण एका वस्तीत दहा टक्के म्हणजे कित्येक घरे. बारावी झालेला, त्याच बोलीत बोलणारा, पेशंटला 'काका' म्हणणारा मुलगा हे काम शिकू शकतो. समता सैनिक दल, महिला मंडळे, विद्यार्थी गट यांच्याकडे अशी मुले-मुली आहेत.

घरी जाऊन बोलायचे असेल तर माणूस शुद्धीत असताना, सकाळी जावे. पाच जणांनी मिळून जाऊ नये, एकाने किंवा दोघांनी जावे. बाबासाहेबांचा फोटो दाखवून लाज आणू नये, ते काम त्याने स्वतः मनात हजारदा केलेले असते. बायकोला मारहाण होत असेल तर तिची आणि मुलांची सुरक्षितता आधी, त्याची दारू नंतर. समाजकल्याणच्या व्यसनमुक्तीसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६. दोन्ही मोफत आहेत. रुग्णालयात सोबत जाताना आधारकार्ड, रेशनकार्ड, जुने केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटे घ्यावीत, आणि शेवटची दारू किती वाजता घेतली ती वेळ चिठ्ठीवर लिहून न्यावी. डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात.